यमुनाबाईंचं गाणं

सांगली, शनिवार, १३ नोव्हेंबर १९९९

खेड्यातल्या बायकांची गाणी आम्ही वेबसाइटवर ठेवलीत. आज रहिमतपूरच्या हौसाबाई आपल्या आईचं, यमुनाबाईंचं, गाणं शोधायला आल्या. ‘यमुना’ टाइप केलं, तर सगळी नदीची गाणी वर. त्यांची आई एकेचाळिसावी. ज्यात शोधलेला शब्द जास्त वेळा, ते गाणं आधी, असा शोधाचा प्रोग्रॅम पीएचपी भाषेत मीच लिहिलेला. एकेचाळिसावी! गाणाऱ्या बाईचं नाव मोलाचं, हे कसं सुचलं नाही मला? तिथंच बसून नावाला दहापट वजन दिलं. यमुनाबाई पहिल्या आल्या.

हौसाबाई म्हणाल्या, “लग्नात आमाला लांब बसवायचे, बाळा. आई तितनंच गायची. वाच की.”

मी पहिली ओळ वाचली. दुसरी त्यांनीच गायली.