लखमाच्या माळ्यावरचा डबा

१० नोव्हें., सोम. बोईसर
गच्चीवरचा जुना रेडिओ उतरवला. डोंगरावरच्या पाड्याला नेट जायचं ते याच्यावरून. खाऱ्या वाऱ्याने पार खाल्लेला. मदतनीस रामआशिषने पाना लावताच पट्टीचा तुकडा हातात. परत वीज देऊन पाहिली, दिवा लागला नाही. म्हटलं हरकत नाही, नवा बसवलाय. नवा जुन्याशी बोलत नाही, म्हणून दोन्ही टोकं एकाच दिवशी बदलायची ठरलेली. दुपारी दुसरा नवा घेऊन वर पाड्यात गेलो.
वरचं टोक लखमाच्या घरावर. त्याच्या दाराला कुलूप.
भात झोडून झालं की माणसं वीटभट्टीला जातात. वीस वर्षं इथे काम करतोय. पाऊस सरून गच्ची कोरडी व्हायची वाट पाहिली; घरात माणूस असेल का, हे मनातही आलं नाही. रामआशिष एवढंच म्हणाला, "सर, पहले फोन कर लेते।"

११, मंगळ.
लखमाचा फोन बंद. इथे परत जुनंच लावावं, तर ते मॉडेल मुंबईतही नाही. वरच्या रेडिओचा खांब त्याच्या घराच्या मधल्या मेढीला बांधलेला. वर जायचं तर आतून, माळ्यावरून. बाहेरून कौलं माणूस पेलत नाहीत. जागा मीच निवडली होती. मेढ सागाची म्हणून.
पाड्यातल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन. पाड्यात मोबाइलला रेंज नाही. डॉक्टरांशी बोलणं, गाडी मागवणं, सगळं आमच्या नेटवर. आज खिंडीपर्यंत चालत येऊन बोलली. "दादा, सोनीचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे, अंगात रक्त नाही. कधी येणार नेट?"
दोन दिवस म्हणालो. कशाच्या जोरावर?

१३, गुरु.
वैतरण्याजवळच्या भट्ट्या पालथ्या घातल्या. तिसरीवर लखमा, चिखल तुडवत. हसला. "काय शेठ, नेट गेला? मी मेन स्विच चालू ठेवलाय बरं. जनी म्हणे बंद कर, बिल येल. मी बोललो, नाय, सिस्टरचा नेट जाल."
किल्ली त्याच्या बायकोच्या, जनीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. दिली नाही. "आत बेणं हाय, देव हाय. मी नसताना माझ्या घरात कोण नाय जायचा. तुमी पण नाय."
लखमा : "अगं, शेठ काय तुझं भात नेणार हाय?"
जनी : "नेट तरी नेला ना!"
भट्टीवरच्या बायका हसल्या. मीही.
अमावास्येला भट्टी बंद. त्या दिवशी स्वतः येते म्हणाली. म्हणजे २०ला.
सोनीचं नाव ओठावर आलं होतं. जनीवर दडपण नको म्हणून गिळलं. की मग सगळी चूक माझी, हेही सांगावं लागलं असतं म्हणून? यंत्र बिघडलं, एवढंच बोललो. मी बिघडवलं, असं नाही.

१६, रवि.
सिस्टरला सुचवलं, सोनीला आधीच पालघरला हलवा. "शेळ्या कोण बघणार, म्हणते. डॉक्टर रोज पाच मिनिटं बोलले असते तर ऐकलं असतं तिने. माझं ऐकत नाही."
रामआशिष : "एक पत्थर का काम है, सर। ताला हम नया ला देंगे।"
नाही म्हणालो. जनीचा शब्द आहे. बाळंत व्हायचंय ते मला नाही, म्हणून नाही म्हणणं इतकं सोपं.

१९, बुध. संध्याकाळ
सकाळी सिस्टरने माणूस खिंडीत धाडला. सोनीला कळा, आणि रक्त जातंय. गाडीला फोन केला, ती दुसऱ्या फेरीवर. भट्टीच्या नंबरावर कुणी उचललं नाही. वर गेलो.
दगड रामआशिषने उचलला होता. मी मागून घेतला. तिसऱ्या घावाला कडी निघाली.
आत जाताना चपला बाहेर काढल्या. कोणासाठी?
कणगी शेणाने लिंपलेली, देवापुढे सारवलेलं. माळ्यावर रेडिओला वीज देणारा जुना डबा, हिरवा दिवा लागलेला. नऊ दिवस चालूच होता, लखमाने ठेवलेला.
नवा रेडिओ बसवला, पाऊण तासात नेट आलं. डॉक्टर सिस्टरशी बोलले. दोनला गाडी सोनीला घेऊन गेली. त्यानंतर कळलेलं नाही. दोनदा सिस्टरला विचारलं. "दादा, मलाही नाही सांगत कोणी."
दाराला नवं कुलूप लावून आलो. किल्ली इथे समोर, वहीवर.
उद्या पहाटे निघतो. जनी यायच्या आधी दारात उभं राहायला हवं. गळ्यातली किल्ली काढून ती कुलपाला लावून बघेल, त्याच्या आधी.