दोन डब्या, एकच सकाळ

१४ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

ठमी तुला ज्या नावानं हाक मारते तेच वापरते, दुसरं काही सुचलं नाही. मी तिची आई म्हणून मोठी; तू तिच्या बाबांच्या घरात माझ्यानंतर आलीस, माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच, तरी छोटी. याचा मला इतके दिवस बारीकसा आनंद होत आला आहे. ठमीच्या दप्तरातून तू पाठवलेल्या एकाही चिठ्ठीला मी उत्तर दिलं नाही. दम्याचा पंप कधी दिला, खोकला किती झाला, सगळं नीट लिहायचीस. मी वाचायचे आणि तुझं अक्षर चांगलं म्हणून चिडायचे. माफ कर.

लघवीच्या तपासणीचं तुला तिच्या बाबांनी सांगितलं असेलच, पण त्यांच्या सांगण्यात अर्धं गळतं हे तुलाही एव्हाना कळलं असेल. दम्याच्या मुलांचा खोकला थांबला तरी आत श्वासनलिकांना सूज राहू शकते. ती सूज मोजायच्या नळीत फुंकायला सांगितलं की आपली आठ वर्षांची बाई हसत सुटते. त्यापेक्षा सकाळची पहिली लघवी डबीत धरणं सोपं. सूज असली की काही द्रव्यं तिच्यात जास्त उतरतात, ती लॅबमध्ये मोजतात. नुसत्या त्यावर औषध ठरत नाही, पण डॉक्टरांना अंदाज येतो. ठमी एक आठवडा माझ्याकडे आणि एक तुमच्याकडे, म्हणून त्यांनी दोन्ही घरची एकेक डबी मागितली. थंडीचे महिने तिनं कुठे काढावेत, तेही बघू म्हणाले.

तुमचाच आकडा वर जाणार हे मी धरूनच चालले होते. तुमच्याकडे जाड गालिचा, त्यात तू अत्तर लावतेस. आकडा माझ्या घरचा वर गेला. पुढच्या खेपेलाही. मी पडदे धुतले, उशा बदलल्या, खालच्या सुताराशी भांडून आले. तो म्हणाला, बाई, माझ्याकडे भुसा नाही तर काय फुलं उडणार? खरं होतं. तो भुसा माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर रोज बसतो. पण ही जागा मी एकटीनं शोधली, एकटीनं मांडली. तिला कुणी नावं ठेवलेली मला सहन होत नाहीत. लघवीच्या डबीनंही नाही.

तिसऱ्या खेपेला दोन्ही घरांचे आकडे सारखे आले. दोन्ही वरच होते, तरी मी त्या दुपारी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. मग लॅबमधल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ताई, आकडे जवळपास येऊ शकतात, पण इतके हुबेहूब? लघवी किती पातळ आहे ते कळावं म्हणून आम्ही आणखी एक घटक मोजतो, तोही तंतोतंत जुळतोय. या दोन्ही डब्या एकाच सकाळच्या आहेत. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की तूच काहीतरी केलंस. जिंकणारी कशाला लबाडी करेल, हे लक्षात यायला मला खुर्चीवर बसावं लागलं.

ठमीनं बुटाची नाडी बांधता बांधता सांगून टाकलं. माझ्याकडच्या सकाळी तिनं डबी अर्धी केली, अर्धी बर्फाच्या पिशवीतून तुमच्याकडे नेली आणि तुमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे ठेवली. तुझ्याकडची खरी ओतून दिली. का, तर म्हणे, आई, तुझा आकडा मोठा आला की तू पडदे धुतेस आणि माझ्याशी बोलत नाहीस. आता बरोबरी झाली ना? आणि छोटीला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल.

दोन्ही घरी सूज दिसते म्हणून डॉक्टर औषध वाढवणार होते, छोटी. माझं समाधान तिच्या अंगात गेलं असतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. औषध तेच ठेवलंय. एक महिना सलग एकाच घरी राहू दे, मग पुन्हा तपासू, असं ते म्हणाले. कुठलं घर, ते त्यांनी माझ्यावर सोडलं. तुझ्याकडे ती रात्री एकदाही उठत नाही, हे तिनं मला सहज म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. लिहिताना अजून माझ्या पोटात दुखतंय. ते जाईल म्हणून थांबले तर थंडी संपेल. म्हणून हे पत्र. महिनाभर तिला ठेवून घे. माझी समजूत घालू नकोस, ते मला झेपणार नाही. पण चिठ्ठ्या पाठव, उत्तर देईन. आणि अत्तराचं मात्र बघ.

तुझीच (लिहून पाहिलं; खोडत नाही),
मोठी

(माझ्याच आठवणीसाठी) उद्या : ठमीच्या बॅगेत रिकामी डबी ठेवणे. एकच.