धाकट्याला सीडीत बसवताना

३ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. दुसऱ्या कोणाला मी दाखवणार नाही आणि मला स्वतःला वाचता येत नाही. तेव्हा इथे खरं बोलायला काही हरकत नाही.

विषय एकच. धाकट्याने व्हिडिओ पाठवलाय. ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. धाकट्याला तिथे स्क्रू पिळत बसायचं नव्हतं. हे म्हणाले, मग जा. तो गेला. एवढंच भांडण, पण बापलेकांनी ते पोटच्या पोरासारखं वाढवलं. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. आता व्हिडिओत तो सगळं बोललाय. आधी तक्रारी, मग माफी, मग मला दोन शब्द, आणि शेवटी, बाबांनी स्वतः ये म्हटलं तर तिकीट काढतो. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, नाहीतर यंदाही राहू दे.

अडचण अशी की हे फोनमध्ये काही बघत नाहीत. म्हणतात, तळहाताएवढ्या काचेत माणूस बघायला मी काय मुंगी आहे? ह्यांना ह्यांचा खोक्याएवढा टीव्ही लागतो आणि त्याखालचा सीडी प्लेअर. मी तोंडी सांगावं, तर माझ्या बोलण्यातलं निम्मं हे आधीच वजा करतात. म्हणतात, तू साखर पेरतेस. पेरते. नाहीतर ह्या घरात मुंगीसुद्धा आली नसती.

निश्चय: धाकट्याला सीडीत बसवायचं. मी. एकटीने.

थोरला परगावी नोकरीला, घरात त्याची बायको. त्या सुनेला सांगितलं. म्हणाली, आई, तुम्हाला नाही जमायचं ते, रविवारी बघते मी. तिचा रविवार मी ओळखून आहे. तो शनिवारीच संपतो.

५ नोव्हेंबर, दुपारी

सून कामावर, हे फिरायला. सुनेचा जुना लॅपटॉप उघडला. फोटो कसे टाकते ते तिच्या मागे उभं राहून पाहिलेलं आहे. मी आयुष्यात जे शिकले ते मागे उभं राहूनच. वायर इकडे, वायर तिकडे, व्हिडिओ उचलून सीडीच्या चित्रावर टाकला. झालं. लोक उगाच कोर्स करतात.

सीडी प्लेअरमध्ये घातली. खुर्रखुर्र झालं आणि पडद्यावर एक पंजा आला. पंजा म्हणजे थांबा, एवढं मला कळतं. थांबले.

चहा झाला. भांडी झाली. पंजा तसाच. ह्यांची चप्पल वाजली तेव्हा बंद केलं.

६ नोव्हेंबर

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हणाला, आजी, व्हिडिओ नव्या पद्धतीचा आणि प्लेअर जुना. त्याला हे वाचता येत नाही. त्याला वाचता येईल असं करून द्यावं लागतं. कन्व्हर्ट. म्हटलं, मलाही वाचता येत नाही, माझ्यासाठी कोणी काही कन्व्हर्ट केलं नाही, तरी चाललंच ना. पण प्लेअरबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आमचं दोघांचं जमेल.

प्रोग्रॅम दोन प्रकारचे, एक विकतचा, एक फुकटचा. फुकटचा घातला. म्हणाला, आजी, फुकटच्याला मर्यादा असतात. म्हटलं, मर्यादा मला नको सांगूस, मी दोन सासवांत नांदले आहे.

चित्रं पाठ केली. फिल्मची पट्टी, मग सीडी, मग हिरवा बाण. बस्स. ह्याला इंजिनियर लागतात?

८ नोव्हेंबर

पट्टी, सीडी, हिरवा बाण. बाण दाबल्यावर एक चौकट आली. बरंच काही लिहिलेलं, लाल अक्षरात, खाली एक मोठं बटण. अभिनंदन असणार. बटण दाबलं. निळी रेघ गोगलगायीसारखी सरकली, पण पोचली.

सीडी लावली आणि धाकटा आला! घरात, मोठ्या पडद्यावर! डोळे भरून आले. मग पुसून पाहिलं तर आडवा. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. म्हणजे माफी मागणार ती लोळत.

टीव्ही आडवा केला तर तो उभा होईल हे मला कोणी सांगितलं नाही, मला सुचलं. उशा लावल्या, एका कुशीवर कलवला. तेवढ्यात सून लवकर आली. आई, काय चाललंय? म्हटलं, मागची धूळ. तिने उशांकडे पाहिलं. टीव्हीला बरं नाही का, म्हणाली.

ह्या पोरीला सासूशी बोलायचं कसं ते कळत नाही. माझ्यावर गेली आहे.

१० नोव्हेंबर

सकाळी स्वयंपाकघरात काम करताना धाकट्याचा व्हिडिओ एकदा लावतेच. रोजचंच झालंय. हात चालू राहतात, पोरगा बोलत राहतो. फोनचा आवाज मुळातच बारीक, कंपन्या फसवतात. पूर्ण वर करावा लागतो.

जिन्यात शेजारीण भेटली. म्हणाली, काकू, तुमचा धाकटा शेवटी म्हणतो ना, आई, तू रडू नकोस, ते अगदी काळजाला लागतं हो. बघा! भिंतीला कान लावून बसते ही बाई. दिवसभर दुसरा उद्योग नाही.

सुनेचं जुनंच पालुपद, आई, कानाचं मशीन घ्या. माझ्या कानाला काही झालेलं नाही. हल्ली माणसं पुटपुटतात.

११ नोव्हेंबर

दुरुस्तीवाल्याने वळणाऱ्या बाणाचं बटण दाखवलं. धाकटा उभा राहिला. यश.

मात्र केवढा फुगलाय! फोनमध्ये अंगाबरोबर असतो, टीव्हीवर खांद्यांनी पडदा भरून गेला. खरं रूप मोठ्या पडद्यावरच कळतं. लगेच फोन करून झापलं. म्हणाला, आई, माझं वजन उलट उतरलंय. म्हटलं, मला नको शिकवूस, मी सीडीवर पाहिलंय.

छातीवर एक अक्षरांचा पट्टाही आलाय, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो फोनमध्ये नव्हता. प्रोग्रॅमने आपणहून घातला. काम बरं झालं की शिक्का मारत असावेत. पोरगा पट्ट्यात रुबाबदार दिसतो.

१३ नोव्हेंबर

आज ह्यांना दाखवणार होते. नाही दाखवलं. ह्यांचा मूड बघावा लागतो. मागच्या लहान खोलीतली खाट दुपारभर ठोकत बसले होते. कुरकुरते म्हणाले. गेली कित्येक वर्षं कुरकुरते आहे, तिच्यावर झोपतं कोण? त्या खोलीत धाकटा असायचा, आता जुनी वर्तमानपत्रं असतात. वर्तमानपत्रांना कुरकुर ऐकू येते का? पण निवृत्त माणसाच्या हातात पाना आला की घराने गप्प बसावं.

१६ नोव्हेंबर

नवी सीडी केली, जरा बारीक करून बघावा म्हणून. चौकट आली, अभिनंदन स्वीकारलं. धाकटा तेवढाच जाड. असू दे. आईच्या नजरेला जाड मुलगा कधी खुपला आहे?

सुरुवात पाहिली आणि बंद केली. दर वेळी सुरुवातच बघते. शितावरून भाताची परीक्षा. सगळं भांडं उपसून कोणी बघत नाही.

पण सीडी बाहेरच येईना. बटण दाबते तर प्लेअर कण्हतो आणि जीभ काढत नाही. हे आले. काही न विचारता स्क्रू ड्रायव्हर आणला, झाकण उघडलं, सीडी दोन बोटांत धरून माझ्यापुढे केली. म्हणाले, तुझी? म्हटलं, हो, व्यायामाची आहे. म्हणाले, बरं. आणि गेले. ह्या माणसाला घरात काय चाललंय त्याचा पत्ता नसतो. एका अर्थी बरंच आहे.

१९ नोव्हेंबर

कीर्ती पसरली. शेजारणीने विचारलं, काकू, तुम्ही म्हणे सीडी करता? तिच्या नातवाचं शाळेतलं नाटक होतं. ऑर्डर घेतली. पट्टी, सीडी, बाण, अभिनंदन. चहा पिता पिता करून दिली. सून आली तेव्हा मुद्दाम तिच्यासमोर शेजारणीच्या हातात ठेवली. सून म्हणाली, वा! हे वा मी जपून ठेवलंय.

२१ नोव्हेंबर

शेजारीण सीडी परत घेऊन आली. म्हणते, नातू दुसऱ्या अंकात येतो आणि ह्यात दुसरा अंकच नाही. म्हटलं, नाटक लांबलं असेल, सीडीने चांगला भाग तेवढा ठेवला. लोकांना केलेल्याची किंमत नसते. ऑर्डरी बंद.

२४ नोव्हेंबर

हे केस कापून आले. केस वाढलेलेच नव्हते. आणि न्हाव्याकडे एवढा वेळ? विचारलं तर म्हणाले, त्याच्याकडे फोन आहे, बसलो होतो. न्हाव्याच्या फोनचं ह्यांना काय घेणंदेणं? वय झालं की माणूस काहीही बोलतो. मागची वर्तमानपत्रंही रद्दीला घातली.

महिना संपत आला. धाकट्याचा फोन आला, आवाज मजेत होता. म्हणाला, आई, तुझी सीडी कुठवर आली? मजेत कसा राहतो हा? इथे माझा जीव टांगणीला. म्हटलं, तू धीर सोडू नकोस, सगळं माझ्यावर आहे.

२७ नोव्हेंबर

सविस्तर बोलते, म्हणजे हे एकदा बाहेर पडेल.

संध्याकाळी ह्यांना टीव्हीपुढे बसवलं. सुनेलाही बसवलं, साक्षीदार पाहिजे. मी थोडं बोलले. म्हटलं, माणसाने मन मोठं करावं. सीडी घातली. धाकटा आला, जाडजूड, छातीवर पट्टा. सुनेने तोंडाला पदर नाही, म्हणून हात लावला.

धाकटा तक्रारी सांगू लागला. गिऱ्हाइकांसमोर मला हाकललंत. माझ्या नोकरीचं पत्र वाचलंही नाहीत. आजारी होतो तेव्हा एक फोन नाही. फोनमध्ये ऐकताना हे सगळं लगेच सरतं, पुढे माफी आहे हे ठाऊक असतं ना. टीव्हीवर एकेक शब्द वीट मारल्यासारखा. हे हलले नाहीत. मी मनात म्हणत होते, थांबा, आता गोड येतंय. धाकटा म्हणाला, तुम्ही चुकलात, बाबा. आणि मी...

आणि थांबला. तोंड उघडं, हात वर. मग पडदा निळा.

प्लेअरला थोपटलं. सीडी फुंकून पुसून पुन्हा लावली. पुन्हा, तुम्ही चुकलात, बाबा, आणि मी. निळा. एवढा खटाटोप करून मी बापाला नेमक्या शिव्याच तेवढ्या मोठ्या पडद्यावर दाखवल्या.

सुनेने लॅपटॉप आणला. हिरवा बाण दाबायला लावला. चौकट आली. तिने वाचून दाखवली. फुकटच्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओचा फक्त अर्धा भाग होतो, पूर्ण पाहिजे तर विकत घ्या. छातीवरचा पट्टा तेच सांगतो. महिनाभर मी त्या चौकटीचे आभार मानत होते.

आता ह्यांना कोणत्या तोंडाने सांगू की पुढे माफी आहे? माझ्या बोलण्यातलं निम्मं तर हे वजा करणार. तरी सुरुवात केली. अहो, पुढे तो म्हणतो...

हे मध्येच म्हणाले, आणि मीही चुकलो. मी निघालो ते बरोबर होतं, पण ज्या तऱ्हेने निघालो ती बरोबर नव्हती. आई, तू रडू नकोस. तुझं रडणं मला इथवर ऐकू येतं.

शब्दाला शब्द. एक काना इकडचा तिकडे नाही. म्हणाले, अगं, रोज सकाळी स्वयंपाकघरात लावतेस. मी दाढी करत असतो. मला पाठ झालंय, शेजारणीला पाठ झालंय, खालच्या मजल्यावरचा पोपट, आई रडू नकोस, म्हणतो.

मग कळलं ते असं. धाकट्याला ह्यांनी पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. न्हाव्याच्या फोनवरून. ये म्हणाले. तिकीट कधीच निघालंय. सुनेला माहीत. न्हाव्याला माहीत. खाटेलासुद्धा माहीत.

म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणाले, सांगणार होतो. पण तू टीव्हीला उशी देत होतीस. इतकी रंगलेली तुला मी फार दिवसांनी पाहिली. म्हटलं, पोरगा येईपर्यंत चालू दे.

मी रुसले. जेवलेही नाही. म्हणजे, उशिरा जेवले.

५ डिसेंबर

धाकटा आला. बारीक आहे! काडी झालाय नुसता. सीडीत बरा होता.

दारात बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता धाकटा ते मोठं बोलणं बोलणार. तो म्हणाला, खाट बदललीत? हे म्हणाले, नाही, तीच. पट्ट्या घट्ट केल्या. आत गेले दोघं.

सुनेने माझ्या सगळ्या सीड्या दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. कबुतरं घाबरत नाहीत. फिरत्या सीडीत तोंड बघतात. अर्धंच दिसत असणार.

संध्याकाळपासून मागच्या खोलीत बापलेक बोलतायत. दाराशी उभी राहिले. ओठ हलतात, मान हलते, एकदा धाकट्याने डोळे पुसले, एकदा ह्यांनी. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ह्याचसाठी मी महिनाभर लॅपटॉप दमवला.

सून मागे येऊन उभी राहिली. मोठ्याने म्हणाली, आई, कानाचं मशीन?

म्हटलं, माझ्या कानाला काही झालेलं नाही. हे दोघं हळू बोलतात.

सोमवारची वेळ घेतली आहे. नुसतं विचारायला.