नऊ मिनिटांचा खुलासा

५ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या खात्याचं प्रेमपत्र काल मिळालं. गाडी नऊ मिनिटं का रखडवली याचा वीस दिवसांत खुलासा कर, नाहीतर इंजिनावरून उतरवून कायमचं टेबलावर बसवू, असा मजकूर आहे आणि खाली सही तुझी. भाचीला नोटीस काढताना तुझा हात थरथरला नाही, हे त्या सहीवरून दिसतंच आहे.

खरं कारण तुला सांगते. आमच्या इंजिनात संडास नाही. माझी फेरी सलग साडेसहा तासांची, म्हणून मी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी बंद करते. अशी सहा वर्षं काढली आणि मुतखडा पदरात पडला. डॉक्टरांनी दम दिला, भरपूर पाणी पी. प्यायले. मग एक मिनिटाच्या थांब्यावर उतरून धावत सुटले, तर फलाटावरच्या संडासाला कुलूप! स्टेशन मास्तर किल्ली शोधत बसला. ही ती नऊ मिनिटं.

हे मी जसंच्या तसं लिहिणार आहे. बाबा म्हणाले, आधी आत्याच्या कानावर घाल, म्हणून हे पत्र. मला गाडी चालवायची आहे, आत्या. टेबलावर बसवलं तर मी जगेन, पण माझं काही खरं नाही.

कळावे. लोभ शिल्लक असेल तर असावा.

भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, त्यातली भाषाही वाचली. नोटीस सगळ्यांना एकाच नमुन्याची जाते. तुझ्यासाठी गुलाबी कागद मागवायला हवा होता, ते माझ्याकडून राहून गेलं.

आता शहाण्यासारखं ऐक. इंजिनाच्या दाराचं कुलूप अडकलं होतं, असं लिहून दे. तांत्रिक बिघाड म्हटलं की प्रकरण मिटतं. मी मिटवते. लघवीबिघवीचं फाइलवर आणू नकोस. ती फाइल सात पुरुषांच्या टेबलांवरून फिरते आणि चहाच्या वेळी मोठ्यानं वाचली जाते. आपल्या घरातल्या मुलीचं नाव तसं चघळलेलं मला खपणार नाही.

आणि सोयींचं म्हणशील, तर पाच वर्षांपूर्वी पाहणी मीच केली होती. आठही महिला ड्रायव्हरांनी काही तक्रार नाही असं लिहून दिलं. त्यावर तुझीही सही आहे. तेव्हा मूग गिळून बसलीस आणि आता माझ्यावर उलटतेस? मी दोन महिन्यांनी निवृत्त होते आहे. जाता जाता माझ्या माथी खापर फोडू नकोस.

तब्येत सांभाळ. पाणी पीत जा.

तुझी आत्या

१२ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाणी पीत जा, हे तू लिहावंस! मी ती ओळ बाबांना दोनदा वाचून दाखवली. ते हसले नाहीत.

त्या सहीची मला लाज वाटते आणि तेही मी खुलाशात लिहिणार आहे. पण पाहणीची ती खोली तू विसरलेली दिसतेस. मधोमध साहेब, बाजूला तू, समोर आम्ही आठ जणी. साहेबांनी हसत विचारलं, काय मॅडम, काही अडचण? आम्ही एकमेकींच्या बुटांकडे बघत राहिलो. साहेबांना दोन मिनिटं बाहेर जायला सांगावं, हे तुला सुचलं नाही. तुला कागद पूर्ण करायचा होता. त्याच कागदावर तुला पुढची बढती मिळाली, हे सगळ्या खात्याला ठाऊक आहे.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, हे तू दर भांडणात काढतेस, म्हणून या वेळी मीच आधी काढून ठेवते. वाढवलंस, खरं आहे. खोटं बोललं की पाठीत धपाटा घालायचीस. आता स्वतःच खोटं लिहायला शिकवतेस, तेही लेटरहेडवर.

तुझ्या खुर्चीपासून तुझा संडास अकरा पावलांवर आहे. एकदा माझी फेरी इंजिनात बसून करून ये, मग मला शहाणपण शिकव.

कळावे. लोभाचं तूच ठरव.

भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

बढतीचं तू लिहायला नको होतंस.

मंगळवारी तुमच्यातल्या एका चष्मेवाल्या ड्रायव्हरबरोबर तुझ्याच फेरीवर तपासणीला जाते आहे. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला साडेसहा तास बसता येत नाही, असं वाटतंय ना तुला? परत आले की दाराच्या कुलपाचा खुलासा तयार पाहिजे.

आत्या

२० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी मी निघताना मुद्दाम दोन कप चहा घेतला. तुला सांगता यावं म्हणून.

दोन तास काही वाटलं नाही. तिसऱ्या तासाला बोलणं बंद केलं. इंजिनात उकाडा आणि आवाज इतका की आपलंच डोकं आपल्याला सहन होत नाही. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. सहायकानं मात्र माझी चुळबूळ ओळखली आणि सवयीनं खालून एक रिकामी बाटली काढून पुढे केली. मग त्याच्या लक्षात आलं की मी बाई आहे. ओशाळून त्यानं ती परत ठेवली. पाचव्या तासाला मी ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणाले. पुढचं स्टेशन आलं, पण फलाटावर उतरेपर्यंत मला थांबता आलं नाही. एकोणसाठ वर्षांची अधिकारी बाई, दोन परक्या पुरुषांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीला सहा मिनिटं उशीर झाला. ड्रायव्हर वहीत सिग्नलचं कारण लिहायला लागला. मी वही ओढून घेतली आणि माझ्या हातानं लिहिलं: तपासणीस आलेल्या अधिकारी बाईंना लघवीला लागली, इंजिनात सोय नाही. खाली पूर्ण सही केली.

काल साहेबांनी दार लावून घेतलं आणि फार गोड बोलले. वहीतल्या त्या ओळीवर त्यांनी चिकटपट्टी लावून वर तांत्रिक बिघाड लिहिलंय. या वयात कशाला हसं करून घेता, म्हणाले. मी तुला जे लिहिलं होतं, तेच माझ्या तोंडावर आलं. तुमच्या पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, हेही सांगायला ते विसरले नाहीत.

त्या आठ जणी बुटांकडे का बघत होत्या, हे मला त्या दिवशीही कळत होतं. मी कळू दिलं नाही. तुझ्या मुतखड्यात माझा वाटा आहे, भिंगरे.

तुझा खुलासा जसा आहे तसाच दे, सहीच्या लाजेसकट. चौकशीत आपल्या बाजूनं बोलायला एक कर्मचारी घेता येतो, त्यासाठी अर्जात एक रकाना असतो. त्यात माझं नाव घाल. पेन्शन अडकवली तर अडकवू देत, तुझ्या बापाच्या घरात मला एक खोली असेलच. पाहणी कशी केली हे ते विचारतीलच. मी सांगेन. आणि चिकटपट्टीखालची ओळ मी त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवीन, मोठ्यानं, दार उघडं ठेवून.

बढतीचं मात्र तू खरं लिहिलंस, म्हणून इतका राग आला.

कळावे. या खेपेला लोभ मीच मागते आहे.

तुझी आत्या