कान धर, भाजेल

२० मार्च १९८८, रविवार

जोनेलला ईस्टरचं भाषण मिळालं! चारच ओळी, पण सगळ्या चर्चसमोर. माझी ही नात घरात दिवसभर टकळी चालवते, उंबऱ्याबाहेर मात्र ओठ शिवलेले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात तोंड उघडलं नाही तर पुढच्या वर्षी मंद मुलांत बसवू. मंद म्हणे! घरात तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

आमच्या चर्चमधली व्हर्डेल पायरीवर मला म्हणाली, "ओझेला, चार ओळी जड जातील गं पोरीला. आमच्या नातवाला अख्खं स्तोत्र आहे." बरं बाई.

२६ मार्च, शनिवार

गॅसवर लोखंडी कंगवा तापवून जोनेलचे कुरळे केस सरळ करते, तेव्हाच भाषण शिकवते. मी म्हणते, ती म्हणते. माझ्या आजीच्या लहानपणी, गुलामगिरीत, आम्हा काळ्यांना अक्षर शिकायची बंदी होती, तिनं बायबल ऐकूनच पाठ केलं. मला वाचता येतं, पण सावकाश — तोवर कंगवा गार होतो. गोऱ्यांनी चर्च जाळलं त्या वर्षीही आमची भाषणं झालीच, पेकानच्या झाडाखाली. मुंग्या काय चावत होत्या!

२ एप्रिल, शनिवार

पाठ झालं. केक करपला.

३ एप्रिल, ईस्टर

पिवळा फ्रॉक, पांढरे मोजे. पोर पुढे गेली आणि गप्प. मागून सगळे म्हणू लागले, "सावकाश, बाळा. घाई नाही."

मग तिनं डोळे मिटले, कान धरला, आणि खणखणीत आवाजात —

"येशूला कबरीत ठेवलं, मान सरळ ठेव. तिसऱ्या दिवशी तो उठला, कान धर, भाजेल. दगड बाजूला सरला, हलू नकोस म्हटलं ना. आता त्याला कोण अडवणार, आणि त्या व्हर्डेलची नवी टोपी बघितलीस का, नुसतं घरटं."

व्हर्डेल पहिल्याच बाकावर. टोपीसकट. मी रुमालात तोंड लपवलं. पास्टरसाहेब खांबाला धरून हसत होते. शेवटी व्हर्डेलच उठली, टोपी सावरली आणि म्हणाली, "आमेन. पोर खोटं नाही बोलली."

घरी येताना जोनेल विचारते, "आजी, एखादा शब्द चुकला का गं?"

एकही नाही, म्हटलं.

५ एप्रिल, मंगळवार

शाळेतल्या बाईंचा फोन. जोनेलनं आज वर्गात हात वर केला, उभी राहिली, अख्खं भाषण म्हटलं. आता सगळा वर्ग कान धरून बसलाय. बाईंनी विचारलं, ही प्रार्थना कुठल्या चर्चची?

आमच्याच, म्हटलं.