डावं डंबेल

चिमणे,

तू शिकवल्याप्रमाणे सकाळी पाठ ताठ ठेवून डंबेल्स उचलायला गेलो. दोन्ही दोन-दोन किलोंची, पण डावं काही केल्या हलेना. काल तेच दहादा उचललं होतं! मला वाटलं, लबाड माझ्या डब्यातली बिस्किटं खाऊन फुगलंय. म्हणून अदलाबदल केली. तर ते फुगलेलं उजव्या हातात कापसासारखं हलकं, आणि दुसरं डाव्या हातातून थेट खाली. फरशी फुटली आहे, अनवाणी फिरू नकोस.

मग चूळ भरली, तर ती ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागली. शेजारच्या मास्तरांना गंमत म्हणून दाखवली. ते हसले नाहीत. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी काढताहेत, तेवढ्यात हे खरडतोय.

तुझी आई म्हणेल, "म्हाताऱ्याला वजनं द्यायला कुणी सांगितलं होतं?" तिला सांग, आजोबांनी जन्मभर थापा मारल्या, पण हे खरं आहे. डंबेलांनी काही केलं नाही, फक्त माझी चुगली केली.

वाचून हसू आलं तर हस, पण लगेच दवाखान्यात ये. दार उघडंच टाकून जातोय. कुलूप लावायला दोन हात लागतात, हे आज कळलं.

आजोबा