तेल तापतं म्हणून

कोरीट, २६ मार्च २०२५

चि. दामिनीस फुईचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तू वेळेवर जेवतेस ना ते कळव.

पुण्यात राहून फुईची आत्या केली नाहीस ना? फोन सोडून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. फोनवर तुझ्या मागे त्या गाड्या तपासायच्या कारखान्याची घरघर चालू असते आणि तू हो फुई, हो फुई म्हणत सुटतेस. चौतीस वर्षं मुलं शिकवली मी. लेखी उत्तर घेतल्याशिवाय पास करत नाही.

विषय तुझ्या फुवांच्या लाल गाडीचा. शी! नाव काढलं तरी तोंड कडू होतं. दोनच सीटा, पोट जमिनीला टेकलेलं, इंजिन मागे आणि आवाज असा की म्हशी दूध चोरतात. फुवांनी ती सुरतेहून जुनीच आणली तेव्हा मी तेहतीसची होते, आता सत्तरीला टेकले. एवढ्या वर्षांत त्या दुसऱ्या सीटवर मी एकदाही बसलेले नाही. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला सगळ्या लेकी माहेरी निघतात तेव्हा म्हणायची, मला माहेरी अक्कलकुव्याला यातून सोडा. दर आखाजीला एकच उत्तर, की दुसऱ्या माणसाचं वजन झालं की तेल तापतं आणि इंजिन जाम होतं. मी आपली पिशवी उचलून एस.टी. धरायची. एका वर्षी तर माझे पापडाचे डबे त्या सीटवर ठेवून ते पुढे गेले आणि मी तळोद्याच्या स्टँडवर धूळ खात बसले. डब्यांनी तेल तापलं नाही वाटतं!

फुवांना जाऊन चौदा महिने झाले. योगेंद्रने आता गिऱ्हाईक आणलंय, आखाजी झाली की तो गाडी घेऊन जाईल. म्हटलं, त्याआधी एकदा, फक्त एकदा मला त्यात बसवून माहेरी ने. तर पोरगाही तेच बोलला. तेलाच्या तापाचा काटा खरंच लालमध्ये जातो म्हणे, नंदुरबारसुद्धा गाठवत नाही, तेल थंड करायचा जादा कूलर लावावा लागेल. बापाचं वाक्य लेकाच्या तोंडून ऐकलं आणि मन्हा जीव इटी गया, अगदी वीट आला.

कूलर कोणता घ्यायचा ते तू लिही. आखाजी तीस एप्रिलला आहे. ती सीट माझ्याशिवाय गावाबाहेर गेली तर मला मेल्यावरही चैन पडायचं नाही.

तुझी,
तापीफुई


पुणे, २ एप्रिल २०२५

ती. फुईस दामिनीचा नमस्कार. पत्र मिळालं. डबे वाचून हसले, मग वाईट वाटलं.

आता लेखी उत्तर. या गाडीत पाण्याचा रेडिएटर नाही. वारा आणि तेल, दोघंच इंजिनला थंड ठेवतात. कूलर म्हणजे एक जाळी. आपण चहा बशीत ओतून निववतो, तसं तेल तिच्यातून पसरून वाऱ्यात निवतं. एकावर एक पट्ट्या रचलेली जाळी घ्या, नुसत्या वळवलेल्या नळीची नको, आपल्याकडच्या उन्हात तिचा निभाव लागत नाही. सर्वांत मोठी तर मुळीच नको. गार तेल घट्ट राहतं, तेही इंजिनला वाईट. त्यासाठीच थर्मोस्टॅट हवा, म्हणजे तेल कढत झाल्यावरच जाळीकडे जाईल. आणि जागा पुढची, जिथे वारा आत येईल आणि बाहेरही पडेल. मागे इंजिनजवळ लावणं म्हणजे चुलीशेजारी माठ ठेवणं.

हे योगेंद्रदादाला दोनदा वाचून दाखवा. तो ऐकतो कमी आणि विकत घेतो जास्त.

माया आहेच, रागवायला तरी पत्र लिहीत राहा.
दामिनी


कोरीट, १२ एप्रिल २०२५

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं भाकीत खरं झालं, मेल्याने सर्वांत मोठा कूलर मागवला. खोकं उघडलं तर आत पाटाएवढी चकचकीत जाळी. लावायची कुठे विचारलं, तर म्हणे मागच्या झाकणावर, दिसायला भारी दिसते. तुझं पत्र नाकासमोर धरलं. त्याने वाचलं आणि म्हणे, पुण्याच्या लोकांना खान्देशातलं ऊन काय कळतं! अरे, ती अक्कलकुव्याची पोर आहे ना? पण वाद कोण घालतो!

मिस्त्री म्हणून आलेत दिलवरसिंग. माणूस चांगला, पण सगळा जन्म ट्रॅक्टरखाली गेलेला. त्यांचं म्हणणं, हे नाजूक काम कशाला, ट्रॅक्टरचीच जुनी जाळी तारेने बांधू. तार! मी तिथून उठूनच गेले.

आणि गाडी ठेवलीय कुठे ठाऊक आहे? मिरचीच्या पथारीवर. तिथे आमची मिरची वाळत पडते, राखणीला माणूस असतो, म्हणून योगेंद्रने दोन हंगाम ती तिथेच ताडपत्रीखाली उभी केलीय, तोंड वाऱ्याकडे करून. दार उघडलं की शिंका. फुवांनी जिच्यावर माशी बसू दिली नाही तिची ही दशा, आणि मला वाईटही वाटत नाही, याचंच वाईट वाटतं. अठरा दिवस उरले.

तुझी वैतागलेली,
फुई


पुणे, १७ एप्रिल २०२५

ती. फुईस सा. न.

घाईत लिहिते. मोठी जाळी परत पाठवा, तार दिलवरसिंगकाकांकडेच राहू द्या. नवीन काही घेण्याआधी एक करा. पुढच्या उजव्या चाकाच्या मागचं आवरण खोलायला सांगा. या जातीच्या गाड्यांना पुष्कळदा तिथे आधीच एक जादा कूलर बसवलेला असतो. तसा असेल आणि गाडी दोन हंगाम मिरचीत उभी असेल, तर दुखणं काय आहे ते मला इथून दिसतंय.

काय निघालं ते लगेच कळवा.
दामिनी


कोरीट, २२ एप्रिल २०२५

चि. दामिनीस आशीर्वाद.

कूलर होता. पट्ट्यांची जाळी, थर्मोस्टॅट, सगळं अगदी तू लिहिलंस तसं. फक्त जाळी दिसत नव्हती. मिरचीची पूड, बी, साल दाबून दाबून भरलेली, जसा काही उशीत कापूस कोंबला आहे. दिलवरसिंगांनी कॉम्प्रेसरची हवा मारली मात्र, सगळी पथारी ठसकायला लागली. मी रडतेय, योगेंद्र रडतोय, दिलवरसिंग चाकाला धरून रडताहेत. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायला लागले की कोण गेलं. नंतर धुऊन, नवं तेल घालून गाडी नंदुरबारला नेऊन आणली. भर दुपारी काटा मध्यावर.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण कूलर बसवला कधी, हे मला बघायचं होतं. फुवांची गाडीची वही काढली. त्यांच्या अक्षरात, मे १९८९: सुरतेस जादा कूलर बसवला. नवलसिंगला घेऊन प्रकाशा गावापर्यंत जाऊन आलो. ऊन कडक, काटा जागचा हलला नाही.

दामिनी, नवलसिंग म्हणजे फुवांचा दोस्त, गव्हाची दोन पोती. तंबाखू थुंकणारा, घामट माणूस. तो बसला तर तेल तापलं नाही, आणि मी पंचेचाळीस किलोची बाई पस्तीस आखाज्या एस.टी.त उभी! योगेंद्र म्हणतो, बायकोला शेजारी बसवून गावातून जायची बापूंना लाज वाटत असेल. असेल. मग तसं सांगायचं होतं, मी भांडले असते. त्यांची किळस येते ती येतेच. पण विज्ञान शिकवणारी मी, एकदाही काट्याकडे बघितलं नाही, याची जास्त येते. दोन दिवस घास गिळवत नाहीये.

आता योगेंद्रच्या शेजारी मी बसणार नाही. तो बापासारखा गाडीच्या आवाजाशी बोलतो. तू ये. तुला चालवता येते. मोतीभाऊला सांग, बहिणीला न्यायला मूळ म्हणून त्याने या वर्षी लेकीला पाठवावं.

वाट बघते.
तुझी फुई


अक्कलकुवा, ३० एप्रिल २०२५

चि. योगेंद्रला आईचा आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. दामिनीने गाडी अशी आणली की माझा चहा सांडला नसता. हातोड्याच्या पुलावर तिने थांबवली, आणि मी पाच मिनिटं नुसती त्या सीटवर बसून तापीकडे पाहिलं. तळोद्याच्या स्टँडसमोरून जाताना मात्र मी तिला गाडी हळू करायला लावली. एक बाई पिशवी घेऊन एस.टी.ची वाट बघत उभी होती, अगदी मी. काटा मी वाटभर पाहत होते. मध्यावर. मोतीमामाने ओवाळून उतरवलं, गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या, मग मी रडले आणि या वेळी मिरचीचा काही संबंध नव्हता.

परवा गाडी कोरीटला पोचेल. गिऱ्हाइकाला देऊन टाक. मला ठेवायची नाही. फक्त दुसरी सीट कोरी आहे असं सांगू नकोस, आता ती वापरलेली आहे. आणि गाडी मिरचीत उभी करू नका म्हणून त्याला बजाव.

राहिलं बापूंच्या फोटोचं. निघताना हार घालून तू तो माझ्या मांडीवर द्यायला आणला होतास, बापूंनाही शेवटची फेरी घडू दे म्हणत. तू नारळ आणायला आत गेलास तेव्हा मी तो पथारीवर मिरचीच्या पोत्याला टेकवून ठेवला आणि दामिनीला निघ म्हटलं. तो घरी नेऊन भिंतीला लाव. त्यांना समजावून सांग की राग नाही.

दुसऱ्या माणसाचं वजन झालं की तेल तापतं.

जेवण वेळेवर कर.
तुझी आई